जुने व्यक्तिचित्र समोर ठेवून तैलरंग शिकताना

पेन्सिल आणि जलरंग यांत काही वर्षे काम केलेल्या आणि आता तैलरंगातील व्यक्तिचित्रणाकडे वळू पाहणाऱ्या एका अभ्यासकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. सतराव्या शतकातील डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘गर्ल विथ अ पर्ल इअरिंग’ या चित्राची नक्कल करून सुरुवात करणे योग्य ठरेल का. नक्कल करायची तर ती कोणत्या क्रमाने करावी. आणि दुसऱ्याचे चित्र उतरवत बसल्याने स्वतःचा हात बिघडतो का.

शेवटच्या शंकेचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. फ्लँडर्सचा रूबेन्स १६२८-२९ मध्ये माद्रिदला गेला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला आणि युरोपभर नावाजलेला चित्रकार होता. तरीही तेथील राजसंग्रहातील, आधीच्या पिढीतला इटालियन चित्रकार तिशियन याची चित्रे त्याने चिकाटीने उतरवून घेतली. ‘आदम आणि ईव्ह’ची त्याने केलेली नक्कल आणि तिशियनचे मूळ चित्र ही दोन्ही आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. रूबेन्सने आदमची बैठक बदलली आहे आणि मुळात नसलेला एक पोपटही झाडावर आणून बसवला आहे. अमेरिकन चित्रकार सार्जंटने १८७९ मध्ये त्याच संग्रहालयात स्पॅनिश चित्रकार व्हेलाझ्केझची चित्रे उतरवली. यांच्यापैकी कोणाचाही हात बिघडला नाही. हात बिघडतो तो नक्कल केल्याने नव्हे, तर काय शोधायचे हे न ठरवता केलेल्या नकलेने. चित्र हुबेहूब दिसावे एवढाच हेतू ठेवला, तर महिनाभर खपून एक बरे चित्र हाती लागते; पण पुढच्या वेळी जिवंत माणूस समोर बसला की पहिला रंग कोणता आणि कोठे ठेवावा हे कळत नाही. म्हणून माझा आग्रह असा असतो की प्रत्येक नकलेला एकच प्रश्न विचारावा. सावलीचा आकार कसा बांधला आहे, त्वचेचा रंग गरम (लाल-पिवळ्याकडे झुकणारा) आणि थंड (निळ्या-करड्याकडे झुकणारा) असा कसा बदलत जातो, कडा कोठे विरल्या आहेत, यांपैकी एक प्रश्न निवडावा आणि बाकीचे त्या वेळेपुरते बाजूला ठेवावेत.

आता चित्राच्या निवडीकडे वळू. व्हर्मीरचे ते चित्र पहिल्या नकलेसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे चित्र अवघे ४४.५ × ३९ सेंटीमीटरचे आहे, चेहरा नितळ आहे, त्यावर सुरकुती नाही की खोल सावली नाही, त्यामुळे आधार घ्यायला खुणाच सापडत नाहीत आणि एक-दोन मिलिमीटरची चूकही चेहरा बदलून टाकते. नाकाच्या कण्याची पलीकडची कड शोधून पाहा. ती तेथे नाही. नाकाचा कणा आणि त्यामागचा गाल जवळजवळ एकाच टोनमध्ये, म्हणजे उजळ-गडदपणाच्या एकाच पातळीत, रंगवलेले आहेत आणि मधली रेषा पाहणाऱ्याची नजर स्वतःच पुरी करते. नवशिका ती रेषा हटकून काढतो आणि चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसू लागतो. मोत्याचेही तसेच आहे. वरच्या बाजूला उजेडाचा एक जाडसर ठिपका आणि खाली पांढऱ्या कॉलरचे अस्पष्ट प्रतिबिंब, एवढाच तो मोती आहे. त्याला बाह्यरेषा नाही आणि कानात अडकवणारी कडीसुद्धा नाही. इतक्या कमी साधनांत इतके सांगणारे चित्र पहिल्याच प्रयत्नात काही शिकवत नाही, ते फक्त नाउमेद करते.

दुसरी अडचण काळाची आहे. आज काळी दिसणारी त्या चित्राची पार्श्वभूमी मुळात काळी नव्हती. गडद थरावर नीळ आणि पिवळा वनस्पतिजन्य रंग यांचा ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक हिरवट थर, दिलेला होता, तो उडत गेला आणि विटला. २०१८ मध्ये झालेल्या तपासणीत तर तेथे हिरव्या पडद्याच्या घड्याही आढळल्या. १९९४ च्या साफसफाईत मोत्यावरची एक चमक ही व्हर्मीरने काढलेली नसून जागा सोडून चिकटलेली रंगाची खपली असल्याचे निघाले. त्याआधी ज्यांनी ज्यांनी इमानेइतबारे नक्कल केली असेल, त्यांनी ती खपलीही उतरवली असणार! जुन्या चित्रासमोर बसणाऱ्याने चित्रकाराने काय केले आणि काळाने काय केले हा भेद सतत मनात ठेवावा. पिवळट पडलेले व्हार्निश (चित्रावरचा पारदर्शक संरक्षक लेप) हा तर नेहमीचाच फसवा घटक. संपूर्ण चित्रावर एकसारखी मधासारखी झाक दिसली की ती मूळ रंगसंगती आहे असे समजू नये.

मग घ्यावे कोणते? व्हेलाझ्केझने १६५० मध्ये रोममध्ये रंगवलेले ‘हुआन दे पारेखा’ हे व्यक्तिचित्र मी सुचवीन. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि संग्रहालयाने त्याची मोठ्या आकाराची छायाप्रत सर्वांसाठी खुली ठेवली आहे. पारेखा हा व्हेलाझ्केझच्या कार्यशाळेतील गुलाम सहायक होता आणि स्वतःही चित्रकार होता. त्याच वर्षी व्हेलाझ्केझने त्याच्या मुक्ततेच्या कागदावर सही केली. पोप दहाव्या इनोसंटचे व्यक्तिचित्र करण्यापूर्वी हात मोकळा व्हावा म्हणून त्याने आधी पारेखाचा चेहरा रंगवला, असे जुना स्पॅनिश चरित्रकार पालोमिनो याने लिहून ठेवले आहे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने या चित्राचे गुण असे, की रंग मोजकेच आहेत, पार्श्वभूमी करडी-हिरवट आणि शांत आहे, उजेड आणि सावली यांचे गट स्पष्ट आहेत आणि ब्रशचे फटकारे लपवलेले नाहीत. कॉलरच्या जाळीकडे जवळून पाहिले तर जाळी दिसतच नाही. करड्यावर तुटक पांढरे फटकारे तेवढे दिसतात, आणि चार पावले मागे गेल्यावर त्यांचीच जाळी होते.

मूळ चित्र सुमारे ८१ × ७० सेंटीमीटरचे आहे. ते सबंध उतरवण्याच्या भरीस पडू नका. साधारण ३० × ४० सेंटीमीटरच्या कॅनव्हासवर फक्त डोके आणि कॉलरचा वरचा भाग घ्या. कपड्यांच्या घड्या आणि हात हे वेगळे धडे आहेत.

समोर ठेवायची प्रत कशी असावी यावर लोक फार कमी विचार करतात. मोबाइलच्या पडद्यावर पाहून तैलचित्र रंगवणे मी टाळायला सांगतो, कारण पडदा स्वतः उजेड फेकतो आणि रंगाचा थर उजेड परावर्तित करतो. पडद्यावरच्या सर्वांत उजळ जागेची बरोबरी कोणताही पांढरा रंग करू शकत नाही आणि ती गाठण्याच्या धडपडीत चेहरा खडूसारखा पांढराफटक होतो. मॅट कागदावर दोन छापील प्रती काढाव्यात, एक रंगीत आणि एक करड्या छटांतली, आणि त्या कॅनव्हासच्या अगदी शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर आणि त्याच उजेडात लावाव्यात. नकलेतील डोके आणि छापील डोके एकाच मापाचे ठेवले तर निम्मी मोजमापे आपोआप सुटतात. पडदा वापरायचाच असेल, तर बारीकसारीक फटकारे मोठे करून पाहण्यापुरता वापरावा.

कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर सरळ सुरुवात करू नये. पांढऱ्यावर ठेवलेला प्रत्येक रंग आहे त्याहून गडद भासतो, त्यामुळे आपण सगळेच उजळ करत जातो. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासवर पसरावा आणि फडक्याने पुसून मध्यम टोनची एकसारखी झाक उरू द्यावी. ही झाक पूर्ण वाळू द्यावी. तिच्यावर गडदही दिसतो आणि उजेडही दिसतो.

रेखाटनासाठी चौकटी आखाव्यात का, हा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर तुम्ही नकलेला कोणता प्रश्न विचारता आहात यावर अवलंबून आहे. रंग किंवा कडा शिकायच्या असतील तर चौकटी आखा, ट्रेसिंग केले तरी माझी हरकत नाही. चुकीच्या जागी रंगवलेला सुंदर डोळा कोणालाच काही शिकवत नाही. रेखाटन शिकायचे असेल तर मात्र चौकटीला हात लावू नका. ताणलेल्या दोऱ्याने किंवा लांब सुईने उभ्या-आडव्या ओळी तपासा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या बरोबर खाली नाकपुडीचा कोणता भाग येतो, तोंडाचा कोपरा बुबुळाच्या मानाने कोठे पडतो, कानाची पाळी नाकाच्या टोकाच्या वर आहे की खाली, हे विचारत जा. रेखाटन झाले की आरशात पाहा, नंतर दोन्ही चित्रे उलटी करून पाहा. चेहरा ओळखीचा राहिला नाही की डोळा आकारांकडे आकार म्हणून पाहतो आणि झुकलेले तोंड किंवा वर गेलेला डोळा लगेच उघडा पडतो.

यापुढचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तोच उरकण्याची घाई सर्वाधिक होते. रंग बाजूला ठेवून फक्त बर्न्ट अंबरने संपूर्ण डोके बांधायचे. डोळे किलकिले करून छापील चित्राकडे पाहा. बारकावे नाहीसे होतात आणि सावलीचा एकच सलग आकार उरतो. डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, गालाखालचा भाग, हनुवटीखालची मान हे सगळे त्या एका आकारात एकमेकांना जोडलेले असतात. तो आकार एकाच टोनने भरा आणि उजेडाच्या जागी ओला रंग फडक्याने किंवा ताठ ब्रशने पुसून काढा. या टप्प्यावर एकच नियम पाळावा: सावलीतली सर्वांत उजळ जागासुद्धा उजेडातल्या सर्वांत गडद जागेपेक्षा गडद राहिली पाहिजे. जबड्याखाली दिसणारा परावर्तित प्रकाश नवशिक्याला भुरळ घालतो, तो तेथे उजळ रंग चढवतो आणि जबड्याची गोलाई नाहीशी होते. शंका आली तर करड्या प्रतीवर त्या जागेशेजारी उजेडातला मध्यम टोन ठेवून तुलना करा. परावर्तित प्रकाश वाटला होता त्यापेक्षा बराच गडद निघतो. बर्न्ट अंबर लवकर वाळतो, त्यामुळे पातळ लावलेला हा थर बहुधा एक-दोन दिवसांत पुढच्या कामाला तयार होतो.

रंगांची संख्या कमी ठेवा. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न याच्या १८९६ च्या आत्मचित्रात त्याच्या हातातील पॅलेटवर पांढरा, पिवळा ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि काळा एवढेच रंग दिसतात. व्हर्मिलियनऐवजी कॅडमियम रेड लाइट आणि पांढऱ्यासाठी टायटॅनियम व्हाइट घेतल्यास पारेखाचा चेहरा या संचात, फार तर बर्न्ट अंबरची जोड देऊन, पूर्ण होतो. निळ्या रंगाची उणीव भासत नाही, कारण आयव्हरी ब्लॅकमध्ये पांढरा मिसळून झालेला करडा गरम रंगांशेजारी निळसर दिसतो. रंग नेहमी शेजाऱ्याच्या संगतीत ओळखायचा असतो, ही गोष्ट मोठ्या पॅलेटपेक्षा या लहान पॅलेटवर चटकन उमगते.

ब्रश हाती घेण्यापूर्वी पॅलेट नाइफने उजेडाचा, मध्यम टोनचा आणि सावलीचा असे तीन मुख्य ढीग तयार करा आणि प्रत्येकाचा एक लालसर व एक करडा भाऊबंद शेजारी ठेवा. ढीग बरोबर आहे का हे तपासायला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा छापील रंगीत प्रतीवर ठेवा, मिसळलेल्या रंगाचा एक ठिपका नेमक्या त्या जागी लावा आणि दोन पावले मागे जा. ठिपका उठून दिसला तर आधी टोन चुकला आहे का ते पाहा, मग रंग. दहापैकी आठ वेळा चूक टोनचीच असते आणि माणूस मात्र लाल-पिवळे घालत बसतो. चेहऱ्यावर रंग साधारण तीन पट्ट्यांत बदलतो हेही पाहून घ्या. कपाळाचा भाग पिवळसर, मधला गाल, नाक आणि कानांचा भाग रक्तपुरवठ्यामुळे लालसर, आणि जबड्याकडचा भाग थंड, करडा-हिरवट असतो. दाढी असलेल्या पुरुषांत तो अधिकच करडा होतो. त्वचा गोरी असो वा सावळी, हा क्रम कमी-अधिक प्रमाणात दिसतो. सावळ्या त्वचेवर मात्र चमकदार उजेड अधिक ठळक आणि थंड असतो. पारेखाच्या कपाळावरचा उजेड याचे उत्तम उदाहरण आहे. तो नुसत्या पांढऱ्याने दाखवता येत नाही, त्यात थोडा करडा घालावाच लागतो.

रंग लावताना मोठ्या फ्लॅट (चपट्या) किंवा फिल्बर्ट (गोलसर टोकाच्या चपट्या) ब्रशने कपाळ, गाल आणि सावली आधी भरा. डोळ्यांकडे सर्वांत शेवटी या. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो; वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते आणि तो गोल असल्यामुळे कडेला गडद होत जातो. बुबुळाभोवती कडक वर्तुळ काढू नका, वरचा भाग पापणीच्या सावलीत मिसळू द्या. खालच्या पापणीला जाडी असते आणि त्या जाडीवर उजेडाची एक बारीक ओलसर कड दिसते. तेवढी योग्य टोनमध्ये उतरली की पापण्यांचे केस काढण्याची गरज राहत नाही. चमकेचा ठिपका एकदाच, दाट रंगाने, ब्रश टेकवून उचलायचा. तोंडाचेही असेच आहे. दोन ओठांमधली फट ही रेषा नव्हे. ती मध्यभागी आणि कोपऱ्यांत गडद असते, अधेमधे जवळजवळ हरवते. वरून उजेड येत असला तर वरचा ओठ सावलीत असतो आणि खालच्या ओठाची खालची कड बहुतेक वेळा नसतेच, तिच्याखालची सावलीच ती सांगते.

प्रत्येक फटकारा मारला की तो सोडून द्यायला शिका. सगळ्या कडा मऊ ब्रशने घोटून गुळगुळीत करण्याचा मोह फार असतो, आणि व्हेलाझ्केझची नक्कल करून शेवटी मेणाचा पुतळा तयार होण्याचे कारण तेच. जबडा मानेच्या सावलीत कोठे विरतो, केस पार्श्वभूमीत कोठे मिसळतात आणि कॉलरची कड कोठे सुरीसारखी तीक्ष्ण आहे, हे शोधून काढा आणि तेवढ्याच ठिकाणी तेवढेच करा.

तैलरंगाच्या थरांचा नियम जलरंगांतून येणाऱ्याला नवा असतो. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरांत क्रमाने अधिक असावे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून ते घट्ट होते, आणि तेलकट थर जास्त काळ हलत राहतो. त्याच्यावर कमी तेलाचा थर चढवला तर वरचा आधी कडक होतो आणि नंतर तडकतो. आयव्हरी ब्लॅक हळू वाळतो, म्हणून पहिल्या थरात त्याचा जाड वापर टाळावा. तेलाच्या वाळण्याच्या याच क्रियेत उष्णता निघते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला तर उष्णता आत कोंडून तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या जागेत पसरून वाळवाव्यात किंवा पाणी घातलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी, थंडी असली तरी.

पहिली नक्कल किती काळ रेटायची? माझा अनुभव असा, की रंगाचा दुसरा थर झाल्यावर ती थांबवून त्याच डोक्याची दुसरी नक्कल सुरू करणे, पहिलीच घोटत राहण्यापेक्षा कितीतरी अधिक फळ देते. दुसरीनंतर मूळ चित्र झाकून तेच डोके आठवणीने रंगवा. जे आठवत नाही ते समजलेले नव्हते, आणि पुन्हा चित्र उघडताना नेमके काय पाहायचे हे तेव्हा कळते. त्यानंतर लगेच, त्याच आठवड्यात, आरशासमोर किंवा घरातल्या कोणाला बसवून तशाच उजेडात आणि त्याच चार रंगांत एक डोके रंगवा. रेम्ब्रांटने १६३९ मध्ये अॅमस्टरडॅममधील एका लिलावात राफाएलने केलेले कास्तिलियोने या इटालियन दरबारी लेखकाचे व्यक्तिचित्र पाहिले आणि त्याचे घाईघाईचे रेखाटन करून घेतले. पुढच्याच वर्षी, १६४० मध्ये, त्याने केलेल्या आत्मचित्रात ती वळलेली बैठक आली, पण चेहरा, कपडे आणि उजेड त्याचे स्वतःचे होते. नकलेतून काय घ्यायचे आणि काय सोडायचे याचे यापेक्षा नेमके उदाहरण मला माहीत नाही.

नक्कल पूर्ण झाली की मूळ चित्रकाराची सही तिच्यावर उतरवू नका. कॅनव्हासच्या पाठीवर मूळ चित्राचे आणि चित्रकाराचे नाव, ही नक्कल असल्याची नोंद, तुमचे नाव आणि वर्ष लिहा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून नक्कल करणाऱ्यांना मूळ चित्राच्या मापाची नक्कल करताच येत नाही, ती लहान किंवा मोठीच ठेवावी लागते; घरी बसून केली तरी हा पायंडा पाळण्यासारखा आहे. चित्रकार हयात असेल किंवा त्याचे स्वामित्वहक्क अजून चालू असतील, तर अशी नक्कल अभ्यासापुरती घरात ठेवावी. प्रदर्शनात मांडण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी परवानगी घ्यावी. अखेरच्या व्हार्निशला पातळ थरांच्या चित्रासाठी निदान सहा महिने आणि जाड थर असल्यास वर्षभर थांबा. दरम्यान काही भाग निस्तेज पडलेले दिसले तर रिटच व्हार्निशचा (तात्पुरत्या पातळ व्हार्निशचा) अगदी पातळ हात पुरतो.